राखीव खुर्ची आणि टाकलेला रुमाल

फलटणच्या एखाद्या पटांगणावर रात्री नऊचे नाटक असले, की सायंकाळी सहालाच जागांचा निकाल लागलेला असतो. मांडववाल्याची माणसे खुर्च्या मांडून घाम पुसतात न पुसतात तोच पुढच्या दोन रांगांवर पांढरे अभ्रे चढतात आणि प्रत्येक अभ्र्याला ‘राखीव’ असा कागद टाचणीने टोचला जातो. त्यामागच्या चार-पाच रांगांवर कागद नसतो. तेथे रुमाल असतो, टोपी असते, लहान मुलाचा स्वेटर असतो, कोठे दोन खुर्च्यांच्या पाठी एकत्र बांधणारी ओढणी असते. आणि या साऱ्या मालमत्तेवर पहारा करणारा सातवी-आठवीतला एक मुलगा असतो. त्याने एकट्याने आठ खुर्च्या ‘धरलेल्या’ असतात. साडेआठच्या सुमारास कोळकीकडून चालत आलेली, घरचा स्वयंपाक उरकून निघालेली एखादी बाई सासूचा हात धरून मांडवात शिरते, रिकाम्या खुर्चीकडे वळते आणि तिला ऐकू येते, “तिथं माणूस आहे.” तेथे माणूस नाही, हे बोलणाऱ्यालाही दिसत असते आणि ऐकणारीलाही. तरी ती निमूटपणे मागे जाते आणि सासूला बांबूला टेकवून उभी राहते.

हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे की त्याविषयी काही म्हणावे असे कोणास वाटत नाही. पाणी, वीज, ऊसदर असे प्रश्न पुढ्यात असताना खुर्चीचे काय घेऊन बसलात, असे एखादा कार्यकर्ता म्हणेल. परंतु सार्वजनिक वस्तू कोणाच्या मालकीची, हा प्रश्न माणूस ज्या ठिकाणी प्रथम शिकतो त्यांपैकी हा मांडव एक आहे. त्या रात्री मागे उभी राहिलेली बाई आणि पुढे आठ खुर्च्या धरणारा मुलगा, दोघेही काहीतरी शिकून घरी जातात.

राखीव कागदाचा वंश जुना आहे. फलटण हे संस्थानी गाव. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबार इतिहासजमा झाला. दरबारात कोणी कोठे बसायचे हे ठरलेले असे. मानकऱ्याची जागा त्याच्या घराण्याबरोबर चालत येई. हे काही एका फलटणचे वैशिष्ट्य नव्हे. मराठी रंगभूमीचाच जन्म दरबारातला. १८४३ साली सांगलीच्या पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा प्रेक्षक म्हणजे राजा आणि त्याने बोलावलेली मंडळी. चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली निवर्तले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केला. नाटक पाहण्यासाठी राजाची मेहेरबानी यापुढे लागत नव्हती. पैसे मोजले की कोणाही परक्या माणसाला शेठजींच्या शेजारी बसता येत होते. तिकिटाने पुढे दरांप्रमाणे वर्ग पाडले, तो दोष त्याचा आहेच. पण निदान नियम कागदावर आला आणि तो खिडकीवर सर्वांना वाचता येऊ लागला.

गंमत अशी की जेथे तिकीट नसते तेथेच दरबार पुन्हा भरतो. नगरपालिकेच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम असो, मार्गशीर्षातील रथोत्सवाच्या दिवसांतला एखादा जलसा असो, की निवडणूक जवळ आली म्हणून भगिनींसाठी ठेवलेला पैठणीचा खेळ असो, प्रवेश सर्वांना विनामूल्य असतो आणि पुढचे सोफे ‘मान्यवरां’ना. खर्च पुष्कळदा सार्वजनिक तिजोरीतला असतो. सोफ्यावर बसणारे बहुधा उशिरा येतात, अर्ध्या तासात सत्कार घेऊन उठतात, आणि उरलेली रात्र ते सोफे रिकामे राहतात. त्यांच्यामागे दोनशे माणसे उभी असली तरी तेथे जाऊन बसण्याचे धाडस कोणी करीत नाही. संस्थान विलीन होऊन पाऊणशे वर्षे झाली.

येथे एका जुन्या बैठकीची आठवण उपयोगी पडेल. दसऱ्यापासून तमाशाचे फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखात जत्रांचा हंगाम भरात येतो. जत्रेच्या गावी तमाशा उघड्या माळावर होतो आणि दुपारपासूनच पोरे बारदान, घोंगडी, सतरंजी आणून रंगमंचापुढे पसरतात. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतात. म्हणजे जागा धरण्याची खोड खेड्यालाही आहेच. तेथे सारे साधुसंत राहतात असे कोणी समजू नये. परंतु जमिनीचा एक गुण आहे. रात्री गर्दी वाढली की “सरका जरा” असे म्हणता येते. घोंगडीवरची पाच माणसे गुडघे आवळतात आणि सहावे माणूस बसते, मग सातवे. खुर्चीने हा व्यवहार संपवला. खुर्चीत एकच माणूस मावते आणि तिला चार बाजूंनी हद्द असते. तिच्यावर टाकलेला रुमाल सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखा काम करतो. सत्यशोधक जलसे सातारा जिल्ह्याच्या खेड्यांतून हिंडले, पुढे राष्ट्र सेवा दलाची कलापथके हिंडली, वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. या सर्वांचा प्रेक्षक मुख्यतः मैदानात, मोकळ्या जमिनीवर बसलेला होता. तेथे पुढे बसण्यात मान नव्हता, फक्त ऐकू नीट येत असे.

टंचाई आहे म्हणून लोक असे वागतात, हे उत्तर अर्धे खरे आहे. साताऱ्याला शाहू कला मंदिर आहे, सांगलीला भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधवलेले आणि पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळालेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. तालुक्याच्या गावांना बहुधा मंगल कार्यालय किंवा मांडव यांवरच भागवावे लागते. हजार माणसे आणि चारशे खुर्च्या असा हिशेब असला की रुमाल निघणारच. परंतु जेथे टंचाईचे नावही काढता येणार नाही, तेथे काय घडते तेही पाहावे.

त्यासाठी फलटणहून थेट समुद्रावर जावे लागेल. मुंबईहून गोव्याकडे गेल्या काही वर्षांत विलासी प्रवासी जहाजे जाऊ लागली आहेत. त्यांच्या मोठ्या बहिणी अमेरिका-युरोपच्या समुद्रांवर तीन-तीन, चार-चार हजार प्रवासी घेऊन हिंडतात. जहाजावर नाट्यगृह असते. सर्व प्रवासी एका वेळी मावत नाहीत म्हणून एकाच रात्री बहुधा दोन खेळ लावतात. प्रवाशांना ना स्वयंपाक करायचा असतो, ना पाळीवर जायचे असते. तरी खेळाच्या तासभर आधी एक गृहस्थ येतात, एका अख्ख्या रांगेवर स्वेटर, पिशव्या, कार्यक्रमपत्रिका मांडतात आणि मध्यभागी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की आमची मंडळी जेवायला गेली आहेत. मंडळी खेळ सुरू झाल्यावर येतात, कधी येतही नाहीत. डेकवरच्या आरामखुर्च्यांवर सकाळी टॉवेल टाकून दुपारपर्यंत बेपत्ता होणाऱ्यांचा उपद्रव तर इतका वाढला, की काही कंपन्यांना नियम करावा लागला : अर्ध्या-पाऊण तासात माणूस परतला नाही तर नोकर टॉवेल उचलतील. हजारो डॉलर मोजणारा सुशिक्षित प्रवासी आणि फलटणच्या मांडवातला पोरगा यांच्यात या बाबतीत काडीचा फरक उरत नाही.

फरक वरच्या थराला आहे. काही जहाजांवर सर्वांत महागड्या दालनांतील प्रवाशांसाठी नाट्यगृहातल्या चांगल्या जागा मुळातच वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्यांना स्वेटर टाकण्याची लाज पत्करावी लागत नाही. त्यांचा रुमाल कंपनीच टाकते. मग खालच्या मजल्यांवरचे प्रवासी उरलेल्या जागांसाठी एकमेकांशी हुज्जत घालतात आणि त्या राखून ठेवलेल्या रांगांविषयी फारसे कोणी बोलत नाही. फलटणच्या मांडवात तरी दुसरे काय होते? भांडण नेहमी तिसऱ्या रांगेत होते. सोफ्यांशी कोणी भांडत नाही.

याच मुंबई-गोवा मार्गावर पूर्वी साध्या प्रवासी बोटी चालत. भाऊच्या धक्क्यावरून शिमग्या-गणपतीला निघालेला गिरणीकामगार डेकवर वळकटी पसरून रात्रीपुरती जागा करी. तोही जागा धरीच. पण वळकटीवर तो स्वतः असे, आणि लेकुरवाळी बाई आली की वळकटी गुंडाळली जाई. जागा वापरणे आणि जागा अडवणे यांतील भेद त्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

“जो आधी येईल त्याला जागा,” हा नियम तरी न्याय्य आहे ना, असे विचारले जाते. वरवर पाहता आहे. परंतु आधी येणे ज्याला परवडते त्यालाच हा नियम फळतो. दुकानाचा मालक सहा वाजता पोरगा पाठवू शकतो. त्या दुकानातला नोकर नऊला शटर ओढल्याशिवाय सुटत नाही. सुरवडीच्या कारखान्यांतला पाळीकामगार, साखरवाडीच्या रस्त्याने अंधारात मोळ्या भरून येणारा ऊसतोड्या, दोन वेळच्या भाकरीपासून सुटका नसलेली गृहिणी, यांच्याजवळ मोकळा वेळ नाही. मोकळा वेळ हीदेखील मालमत्ताच आहे आणि तिची वाटणी इतर मालमत्तेइतकीच विषम आहे. रुमाल टाकणारा तर आपला वेळही खर्च करीत नाही, तो दुसऱ्याचा वेळ वापरतो. शिवाय विडणी-राजाळ्याच्या माणसाला परतीच्या एसटीची काळजी असतेच. तो नाटकाचा तिसरा अंक बहुधा सोडून देतो.

एसटीचे नाव निघाले म्हणून सांगायचे. फलटणच्या स्थानकात गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, दप्तर, क्वचित लहान मूलही आत जाते, हे सर्वांनी पाहिले आहे. पण त्याच गाडीत दुसऱ्या तऱ्हेची राखीव जागाही असते : अपंगांसाठी, स्त्रियांसाठी. ती प्रतिष्ठेसाठी नाही, गरजेसाठी आहे. त्याच गाडीत आमदारांसाठीही जागा राखलेली असते, आणि आमदार एसटीने जाताना दिसणे हा योग दुर्मीळ आहे. त्यामुळे निदान तेथे सामान्य माणूस बसू शकतो, हा एक फायदाच म्हणायचा. ‘राखीव’ हा एकच शब्द दोन विरुद्ध गोष्टींना चिकटला आहे. शतकानुशतके ज्यांना बैठकीत पायरीपाशी बसवले त्यांना शाळेत, नोकरीत, सभागृहात जागा मिळावी म्हणून राज्यघटनेने केलेली तरतूद एक. आणि ज्यांना कोठेही जागा मिळतेच त्यांच्यासाठी अंथरलेला सोफा दुसरी. पहिलीचे नाव काढताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी दुसरीवर बसताना गुणवत्तेचा प्रश्न काढल्याचे ऐकिवात नाही.

मग शिस्त येणारच नाही काय? येते, आणि फलटणकर ती दरवर्षी पाहतात. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी विमानतळावर मुक्कामाला असते. माणसे लाखांनी मोजावी लागतात आणि तरी रात्र सुखरूप पार पडते. कारण कोणती दिंडी रथाच्या पुढे कितवी, कोणती मागे कितवी, हे आधीच ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असते. त्या क्रमातही मानाचा अंश आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु क्रम उघड आहे, आणि कीर्तनाला बसताना सावकार आणि सालगडी एकाच मातीवर बसतात.

मांडवातली व्यवस्था बदलायला सरकारी अध्यादेश नको. विनामूल्य कार्यक्रमातही क्रमांकाच्या चिठ्ठ्या दोन दिवस आधी वाटता येतील, आणि त्या वाटताना वाडीवस्तीचा वाटा ठरवता येईल. दाराजवळची, उठायला-बसायला सोपी अशी एक रांग वृद्ध, अपंग आणि लेकुरवाळ्यांसाठी ठेवावी आणि ती शेवटपर्यंत त्यांचीच राहावी. प्रमुख पाहुण्यांना एक बाक पुरे. बाकी साऱ्या जागा तिसऱ्या घंटेला मोकळ्या : रुमाल असो वा कागद, माणूस नसेल तर जागा उभ्या असलेल्याची. जहाजवाल्यांना नफ्यासाठी जे सुचले ते कार्यकर्त्यांना न्यायासाठी सुचायला हरकत नसावी.

अडचण एवढीच आहे, की पुढच्या रांगेचे आमंत्रण हल्ली कार्यकर्त्यांनाही येते. तालुक्यातल्या दहा-वीस वर्षांच्या चळवळीनंतर आयोजक ओळखू लागतात, हाताला धरून पुढे नेतात, आणि नकार देणे उद्धटपणाचे वाटते. सभांतून समतेचे भाषण करणारे कित्येकजण असे अभ्र्याच्या खुर्चीत बसलेले फलटणने पाहिले आहेत. पुढच्या वेळी असे आमंत्रण आले तर त्यांनी जरूर पुढे जावे, पाठीवरची टाचणी काढावी, कागद खिशात घालावा आणि बांबूला टेकून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या सासूबाईंना हाक मारावी. सूनबाईंची जागा शेजारच्या खुर्चीत, रुमालाखाली, सापडेल.