एका सहीने धर्मग्राम जुळतात, समाज जुळत नाही

अमेरिकेतील पिट्सबर्ग धर्मप्रांताचे तत्कालीन बिशप डेव्हिड झुबिक यांनी २८ एप्रिल २०१८ रोजी एक निर्णय जाहीर केला. धर्मप्रांतातील १८८ धर्मग्राम ५७ गटांत बांधले जातील, त्या वर्षी १५ ऑक्टोबरपासून नवी रचना अमलात येईल आणि पुढील काही वर्षांत प्रत्येक गटाचा यथावकाश एकच धर्मग्राम होईल, असा त्याचा आशय होता. धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, ही काय चीज आहे हे वसई किंवा वांद्र्याच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी जिथे होतात, ज्याच्या नोंदवहीत तीन-तीन पिढ्यांची नावे सापडतात आणि ज्याच्या घंटेवर शेजाऱ्यांची घड्याळे लागतात, असे ते गावातले गाव असते. अशी दोन-चार गावे एक करण्याचा आदेश बिशप काढू शकतात. मात्र त्या गावांतील माणसांनी परस्परांना आपले मानावे, असा आदेश कोणालाच काढता येत नाही. ते काम अखेर येऊन पडते ते चर्चमधल्या बिनपगारी स्वयंसेवकांवर. गेल्या वीस-बावीस वर्षांतील अमेरिकेचा अनुभव पाहिला, तर विलीनीकरणाचे यशापयश या मंडळींना केव्हा आणि कशासाठी बोलावले गेले, यावर बरेचसे अवलंबून असल्याचे दिसते.

ही वेळ का आली, हे आधी पाहायला हवे. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी पोलंड, स्लोव्हाकिया, क्रोएशिया, लिथुआनिया, इटली, जर्मनी, आयर्लंड येथून आलेल्या कामगारांनी भट्ट्यांच्या आसऱ्याने वस्त्या केल्या आणि प्रत्येक भाषेने आपापले चर्च उभारले. त्यामुळे एकाच टेकडीवर, हाकेच्या अंतरावर, दोन-तीन कॅथॉलिक मनोरे उभे राहिले. १९८०च्या दशकात पोलाद उद्योग कोसळला, तरुण पिढी उपनगरांत किंवा परराज्यांत गेली, मनोरे तेवढे उरले. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात याच धर्मप्रांतात एकदा मोठी फेररचना झाली आणि तीनशेहून अधिक असलेली धर्मग्रामांची संख्या सव्वादोनशेच्या घरात आली. तरीही घसरण थांबली नाही.

देशपातळीवरचे चित्र फारसे वेगळे नाही. १९७० मध्ये अमेरिकेत सुमारे ५९ हजार कॅथॉलिक धर्मगुरू होते. ती संख्या आता ३५ हजारांच्या आसपास आली असून त्यांतील बरेच जण वयोवृद्ध आहेत. अनेक ठिकाणी आज वेदीवर उभा असलेला धर्मगुरू भारतातून, विशेषतः केरळमधून, किंवा नायजेरिया-फिलिपिन्समधून आलेला असतो. त्यात भर पडली ती विश्वासाला गेलेल्या तड्याची. बॉस्टनमधील बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणे २००२ मध्ये उघडकीस आली. पेनसिल्व्हेनियातील सहा धर्मप्रांतांविषयीचा ग्रँड ज्युरीचा अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांत पिट्सबर्गचाही समावेश होता. म्हणजे नवी रचना अमलात येण्यास जेमतेम दोन महिने उरले असताना लोकांना सांगितले जात होते, 'आमच्यावर विश्वास ठेवा', आणि त्याच वेळी तो का ठेवू नये याचे शेकडो पानी कारण त्यांच्या हाती पडले होते.

या पार्श्वभूमीवर बॉस्टनचा अनुभव बोलका आहे. २००४ मध्ये तेथील तत्कालीन आर्चबिशप शॉन ओमॅली यांनी ३५७ पैकी ६५ धर्मग्राम बंद करण्याचे जाहीर केले. त्याआधी शेजारशेजारच्या धर्मग्रामांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून एक प्रश्न विचारण्यात आला होता: तुमच्यापैकी कोणते चर्च बंद करावे? वरवर पाहता ही लोकशाही पद्धत वाटते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे चर्चची सेवा करणाऱ्या माणसांना शेजाऱ्याच्या घराला कुलूप लावण्याची शिफारस करावी लागत होती. ज्यांनी पुढे एकाच बाकावर बसायचे, त्यांना सुरुवातीलाच प्रतिस्पर्धी केले गेले. निर्णय आल्यावर अनेक चर्चमध्ये लोकांनी ठिय्या दिला. सिच्युएट येथील सेंट फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी चर्चमधील ठिय्या ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाला आणि मे २०१६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दाद देण्यास नकार दिल्यानंतरच संपला. साडेअकरा वर्षे ते चर्च एका क्षणासाठीही रिकामे राहू नये म्हणून स्वयंसेवकांनी दिवसरात्रीच्या पाळ्या लावल्या होत्या. हीच चिकाटी, हेच वेळापत्रक आणि हीच माणसे दोन समाज जोडण्याच्या कामी आली असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बॉस्टनने या प्रकारातून काही धडा घेतला, हेही नोंदवले पाहिजे. २०१२ मध्ये तेथे दुसरी योजना आली. तिच्यात २८८ धर्मग्रामांचे सुमारे १३५ सहकार्य-गट करायचे ठरले. गटाला एक धर्मगुरू आणि एक सामाईक कार्यसंघ मिळाला, पण प्रत्येक धर्मग्रामाचे नाव, हिशेब आणि ओळख कायम राहिली. आधी एकत्र काम, मग जमले तर एकत्र संसार, असा हा क्रम होता. शिकागोमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या फेररचनेत प्रत्येक गटातील धर्मग्रामांतून धर्मगुरू आणि प्रापंचिक यांचे संयुक्त मंडळ नेमले गेले. या मंडळाने आकडेवारी अभ्यासायची, पर्याय चर्चायचे आणि आपले मत आर्चबिशपांकडे पाठवायचे, अशी पद्धत ठरली. तेथील ३४४ धर्मग्रामांची संख्या पुढील काही वर्षांत सव्वादोनशेच्या आसपास आली. तरी निदान निर्णयापूर्वी बोलण्याची जागा लोकांना मिळाली.

मग हे स्वयंसेवक नेमके करतात तरी काय? त्यांचे काम बहुतांशी दिसत नाही. दोन चर्चमधील पवित्र वस्तूंची यादी करणे, कोणत्या संताची मूर्ती कोठे जाईल हे ठरवणे, दोन गायनवृंदांचे एक करणे, रविवारच्या दानाची मोजदाद करणाऱ्या दोन चमूंना एका टेबलाशी बसवणे, गाडी चालवू न शकणाऱ्या वृद्धांना दूरच्या चर्चमध्ये ने-आण करणे, इंग्रजी आणि स्पॅनिश मिस्सांच्या वेळांवरून उठणारी कुरबुर शमवणे, नव्या धर्मग्रामाच्या नावासाठी सूचना गोळा करणे. यांतील एकेक बाब क्षुल्लक वाटते. परंतु वाद पेटतात ते नेमके येथेच. ईश्वरविषयक सिद्धान्तावरून दोन धर्मग्राम भांडल्याचे क्वचितच ऐकू येते. सकाळी आठची मिस्सा कोणाची जाणार, यावरून मात्र घराघरांत अबोला धरला जातो.

पिट्सबर्गमधील एक उदाहरण मासल्यादाखल घेता येईल. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते. त्यामुळे त्या काळात चर्चच्या तळघरातील सभागृहात तळलेल्या माशांचे जाहीर जेवण घालण्याची प्रथा या शहरात फार लोकप्रिय आहे. कॅथॉलिक नसलेलेही रांगेत उभे असतात. मासे तळणारे, कोबीचे कोशिंबीर-डबे भरणारे, पिएरोगी नावाच्या पोलिश धाटणीच्या करंज्या लाटणाऱ्या आजीबाई, हे सारे स्वयंसेवक. या जेवणातून चर्चला पैसा मिळतो आणि पैशाहून मोलाचे असे नातेही मिळते. धर्मग्राम एक झाले की प्रश्न येतो: जेवण कोणत्या सभागृहात? पाककृती कोणाची? गल्ल्यावर कोण बसणार? कचेरीतील आराखड्यात या प्रश्नाला एक ओळसुद्धा नसते. पण दोन्हीकडच्या बायाबापड्या एका कढईभोवती उभ्या राहिल्या, तर नकाशावरच्या रेषेला अर्थ येतो. त्या उभ्या राहिल्या नाहीत, तर बिशपांची मोहोर असलेला कागद कागदच राहतो.

येथे चर्चच्या कायद्याची बाजूही ध्यानात घ्यायला हवी. १९८३ च्या धर्मविधी-संहितेनुसार धर्मग्राम स्थापण्याचा, रद्द करण्याचा वा त्यात मोठा बदल करण्याचा अधिकार फक्त बिशपांना आहे. त्यासाठी त्यांनी धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकणे बंधनकारक आहे. धर्मग्रामातील प्रापंचिकांची पाळकीय समिती केवळ सल्ला देऊ शकते. हिशेबासाठीची वित्त समिती अनिवार्य असली तरी तिचेही स्थान साहाय्यकाचेच आहे. दोन धर्मग्राम एक झाले की एकाची ठेव आणि दुसऱ्याचे कर्ज दोन्ही नव्या धर्मग्रामाच्या खात्यात जमा होते. आयुष्यभर पै-पै जमवून छपराची डागडुजी करणाऱ्यांना ही गोष्ट गोड लागत नाही, हे समजण्याजोगे आहे. अर्थात दाद मागण्याची वाट मोकळी असते. अमेरिकेतील क्लीव्हलँड धर्मप्रांतात बंद केलेल्या १३ धर्मग्रामांबाबतचे निर्णय व्हॅटिकनने २०१२ मध्ये फिरवले, ते लोकांनी चिकाटीने केलेल्या अपिलांमुळेच. पुढे जुलै २०२० मध्ये व्हॅटिकनने धर्मग्रामांविषयी जी निर्देशपुस्तिका काढली, तिच्यातही धर्मगुरूंची टंचाई किंवा धर्मप्रांताची सर्वसाधारण आर्थिक ओढाताण एवढेच कारण धर्मग्राम रद्द करण्यास पुरेसे नाही, असे स्पष्ट केले आहे.

तात्पर्य, स्वयंसेवकाकडे जबाबदारी पुष्कळ आणि अधिकार शून्य, ही या सगळ्या खटाटोपातील मूळ विसंगती आहे. ती झाकण्यासाठी 'तुम्हीच चर्च आहात' असे व्यासपीठावरून सांगितले जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची ही शिकवण खरीही आहे. परंतु निर्णय आधीच झाला असेल आणि स्वयंसेवकाला केवळ खुर्च्या मांडण्यासाठी व रडणाऱ्यांचे सांत्वन करण्यासाठी बोलावले असेल, तर ते वाक्य त्याला टोचते. शिवाय ही माणसे नेमकी तीच असतात, जी जुन्या चर्चवर सर्वाधिक प्रेम करतात. ज्याचे घर मोडते आहे, त्यालाच नव्या घराचे तोरण बांधायला सांगितले जाते. तो ते बांधतोही. पण त्याच्या दुःखाला जागा दिली नाही, तर वर्षभरात तो थकून घरी बसतो. त्याच्यासोबत त्याच्या ओळखीची दहा कुटुंबे जातात, आणि ज्या गळतीवर उपाय म्हणून विलीनीकरण केले ती गळतीच वाढते.

शिकागोच्या पिल्सन भागातील सेंट अ‍ॅडलबर्ट चर्चची कहाणी या संदर्भात विचार करायला लावणारी आहे. पोलिश स्थलांतरितांनी ते १९१४ मध्ये बांधून घेतले. पुढे वस्ती मेक्सिकन झाली आणि चर्चही त्यांचे झाले. जुलै २०१९ मध्ये तेथे अखेरची मिस्सा झाली. ते वाचवण्यासाठी उपनगरांत गेलेली पोलिश कुटुंबे आणि परिसरातील मेक्सिकन कुटुंबे एकत्र आली. २०२२ मध्ये तेथील पिएता ही मूर्ती शेजारच्या सेंट पॉल चर्चमध्ये हलवण्याला त्यांनी मिळून विरोध केला. चर्च काही वाचले नाही. पण भाषा, देश आणि पिढी वेगळी असलेले दोन समाज फुटपाथवर प्रार्थनेला उभे राहून एक झाले. योजनेच्या कागदावर जे घडायचे होते ते योजनेच्या विरोधात घडले. लोक एकत्र येऊ शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी या फुटपाथकडे एकदा पाहावे. त्यांना एकत्र येण्याचे कारण त्यांचे स्वतःचे लागते, एवढेच.

मुंबईच्या कॅथॉलिक समाजाला हा विषय सर्वस्वी परका नाही. पोर्तुगीज राजसत्तेचा पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा अशा दोन अधिकारसत्तांत या शहरातील चर्च कित्येक पिढ्या विभागलेली होती आणि एकाच वस्तीतील माणसे दोन बिशपांना मानत होती. पोर्तुगाल आणि रोम यांच्यात १९२८ मध्ये करार होऊन ही दुहेरी सत्ता संपली. तरीही समतोलासाठी आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, अशी तोड काढावी लागली. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, तेव्हा ती आळीपाळी थांबली. म्हणजे करारानंतरही एका पिढीएवढा काळ जावा लागला. आज आपल्याकडे प्रवाह उलटा आहे. १९९८ मध्ये मुंबईतून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत वेगळा झाला. अमेरिकेतील चर्च जुळवताना मात्र दोन-तीन वर्षांच्या मुदती आखल्या जातात, आणि त्या मुदतींवर २०२० च्या महासाथीसारखे संकट कोसळते. पिट्सबर्गमध्ये विलीनीकरणे सुरू असतानाच चर्चचे दरवाजे बंद करावे लागले आणि नव्या शेजाऱ्याची ओळख होण्याआधीच तो दुरावला.

यातून निघणारा निष्कर्ष फार गूढ नाही. धर्मगुरूच नसतील तर चर्च एकत्र करणे टाळता येणार नाही, हे वास्तव विरोधकांनीही स्वीकारायला हवे. चर्चच्या नेतृत्वाने मात्र तीन गोष्टी पाळायला हव्यात. निर्णयाआधी स्वयंसेवकांसमोर खरे हिशेब ठेवावेत. कोणते चर्च बंद करायचे, हा प्रश्न शेजाऱ्यांवर ढकलू नये. ती अप्रिय जबाबदारी अधिकार असणाऱ्याने स्वतः घ्यावी. आणि एकत्र उपासनेआधी एकत्र कामाची संधी द्यावी, मग ते गरिबांसाठीचे अन्नछत्र असो, आजाऱ्यांच्या भेटी असोत वा शुक्रवारचे मासे.

अल्पपटाच्या शाळा असोत, सहकारी संस्था असोत वा बँका, विलीनीकरण हा आपल्याकडेही परवलीचा शब्द झाला आहे. ताळेबंद जुळला की काम झाले, असे सर्वत्र मानले जाते. चर्चच्या बाबतीत हा भ्रम लवकर उघडा पडतो, कारण तेथे येण्याची सक्ती कोणावरच नसते. रविवारी सकाळी दार उघडल्यावर किती जण आत येतात, हा तेथला खरा ताळेबंद. आणि ते दार उघडायला पहाटे चावी घेऊन जो येतो, त्याला कोणी पगार देत नसतो.