दंड न्यायासनाच्याच हाती हवा

फाशीच्या शिक्षेचा वाद युरोपातून आपल्याकडे आला, असा अनेकांचा समज आहे. ब्रिटनने खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित केली व १९६९ मध्ये कायमची रद्द केली, हे खरे. परंतु देहदंडाचा अधिकार कोणाचा, या मूळ प्रश्नाचे उत्तर कृष्णाकाठच्या इतिहासात आहे.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात आले नाही. शास्त्रीबोवांनी पुणे सोडले. तरीही सत्ताधीशही दंडाच्या कक्षेत येतो, हे त्यांनी सिद्ध केले.

याउलट ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर इंग्रजांनी १७ जणांना ठार मारले: ५ जणांना फासावर, ६ जणांना तोफेच्या तोंडी, ६ जणांना गोळ्या घालून. छत्रपती प्रतापसिंहांना न्याय मिळावा म्हणून लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडलेल्या रंगो बापूजींचे पुत्र सीताराम हेही त्यांत होते. तो न्याय नव्हे, दहशत होती. परक्या न्यायावरचा विश्वास उडाला की लोक स्वतःची व्यवस्था उभारतात. आजच्या सातारा-सांगलीत १९४३ नंतर प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगाव चालली, ती त्यातूनच.

स्वतंत्र भारताने हा धडा घेतला. १८९८ च्या फौजदारी संहितेनुसार खुन्याला फाशी न देण्याची कारणे न्यायाधीशाला नोंदवावी लागत. १९५५ मध्ये ती अट गेली. १९७३ च्या संहितेने उलट फाशी देण्यासाठीच विशेष कारणे मागितली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हा निकष घालून दिला.

मात्र कायद्याच्या या विवेकाला शासकीय दिरंगाईने ग्रहण लागते. शेजारच्या कोल्हापूरमधील बालहत्याकांडात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फाशी कायम केली. दयेच्या अर्जांवरील निर्णयास सुमारे आठ वर्षे लागली, म्हणून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. अशा विलंबातूनच चकमकींचे गोडवे गाण्याची वृत्ती बळावते. २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा अनेकांनी आनंद साजरा केला.

कठोर शासन हवे असणाऱ्यांनीच येथे सावध व्हावे. खटल्याविना दिलेला मृत्यू आज नराधमाच्या वाट्याला येईल, उद्या निरपराधाच्या. दयेच्या अर्जांचा निकाल ठरावीक मुदतीत लावावा, ही मागणी रास्त आहे. न्यायासन वगळून दंड मागणे म्हणजे रामशास्त्र्यांकडे पाठ फिरवून गेंडामाळाची वाट धरणे होय.