नकाशाच्या कडेचा पाऊस

टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसाइतका रोज परीक्षेला बसणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. आमच्या कॉलेजातल्या पोरांची परीक्षा वर्षातून दोनदा. निकाल लागेपर्यंत पेपर कसा गेला होता हे पोरंही विसरलेली असतात. या बिचाऱ्याचा निकाल मात्र दुसऱ्याच दिवशी, आणि तोही प्रत्येकाच्या अंगणात! तपासनीस सारा जिल्हा. गुण द्यायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही, कापायला मात्र सगळे तयार.

तामसीत बसून ही बातमी पाहण्याची गंमत आणखी वेगळी आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, किनवटकडे वळले की नांदेड. घरात मराठी, बाजारात तेलुगू, गुड्यांवर गोंडी आणि कोलामी. टीव्हीवर मुंबईच्या वाहिन्या दिसतात, हैदराबादच्याही दिसतात. मुंबईच्या वाहिनीवरचा महाराष्ट्राचा नकाशा पैनगंगेपाशी संपतो. पुढे काहीच नाही, जणू तिथे समुद्रच लागला. हैदराबादच्या नकाशात आदिलाबाद अगदी वरच्या टोकाला. हिवाळ्यात तेवढा आमचा मान असतो. शेजारच्या भीमपूर मंडलातले अर्ली (टी) हे गाव राज्यातले सर्वात थंड ठिकाण म्हणून अनेकदा झळकते. पण जूनमध्ये थंडीचा मान घेऊन काय करायचे? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एकदा विचारले होते, "मास्तर, त्या टीव्हीवाल्या पोरीले आपलं गाव कोठं हाय ते तरी माहीत हाय का?"

वाचकहो, बिदर-भालकी किंवा निपाणीकडच्या घरांना हे नवीन नाही. बंगळूरची वाहिनी 'उत्तर ओळनाडु' म्हणते, मुंबईची 'मध्य महाराष्ट्र' किंवा 'मराठवाडा' म्हणते, आणि आपले शेत नेमके दोघांच्या मधे. घरात एक जण 'पाऊस आला' म्हणतो, दुसरा 'मळे बंतु' म्हणतो. ढग एकच असतो. आमच्या या कोपऱ्यात तर तीन कार्यालयांची हद्द भेटते. यवतमाळचा अंदाज नागपूरहून निघतो, नांदेडचा मुंबईहून आणि आदिलाबादचा हैदराबादहून. बैलगाडीने गाठता येतील अशा गावांचे भविष्य तीन शहरांत लिहिले जाते.

आता पडद्यावर उभ्या असलेल्या त्या पोरीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आपल्याला तिच्यामागे रंगीत नकाशा दिसतो, तिच्यामागे मात्र बहुतेक वेळा नुसती हिरवी किंवा निळी भिंत असते. नकाशा नंतर यंत्राने चिकटवलेला असतो. ती कोपऱ्यातल्या छोट्या पडद्याकडे तिरक्या नजरेने पाहत मोकळ्या भिंतीवर बोट ठेवते. बोट चार इंच सरकले की पाऊस आदिलाबादचा करीमनगरला गेला! वर वेळ मिनिट-दोन मिनिटांची, आणि मजकूर बहुधा हवामान खात्याने दिलेला. अंदाज तिचा नाही, पण दुसऱ्या दिवशी शिव्या तिलाच.

त्या मजकुरातले शब्दही फसवे आहेत. 'तुरळक ठिकाणी पाऊस' हे आपल्याला पळवाट वाटते. प्रत्यक्षात त्याला मोजमाप आहे. विभागातल्या जितक्या केंद्रांवर पाऊस मोजतात, त्यांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. २६ ते ५० टक्के म्हणजे 'काही ठिकाणी'. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की 'मुसळधार', ११५.६ पासून 'अति मुसळधार'. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य खरे ठरले तरी चारपैकी तीन गावे कोरडी राहू शकतात. त्या तीन गावांतली माणसे संध्याकाळी पारावर बसून काय म्हणतील हे मी सांगायला नको.

आणि अंतर तरी किती लागते? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. शहर एकच. आपल्या तेलंगणातले उदाहरण घ्या. २०२३ च्या जुलैअखेरीस अत्यंत जोरदार पावसाचा लाल इशारा होता आणि तो बरोबरही ठरला. पण मुलुगू जिल्ह्यातल्या लक्ष्मीदेवीपेटेला २४ तासांत जवळजवळ ६५० मिलिमीटर पडेल, हे गावाच्या नावासकट आदल्या रात्री कोण सांगणार होते?

यात माणसाची अक्कल कमी पडते असे नाही, हवेचा स्वभावच तसा आहे. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. एवढ्याशा फरकाने पुढचे हवामान पार वेगळे निघाले. साधारण दोन आठवड्यांपुढचे रोजचे हवामान सांगता येत नाही, हा हिशेब त्यातूनच पुढे आला. जून महिन्यातच दिवाळीच्या पावसाची तारीख सांगणारे लोक आपल्याकडे असतात. त्यांच्याविषयी बोलून मी शाई वाया घालवत नाही.

अशा धंद्यात एक वाक्य जन्मभर मागे लागते. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी दुपारी बीबीसीचे मायकेल फिश यांनी पडद्यावरून सांगितले, की चक्रीवादळ येणार असे एका बाईंनी फोनवर कळवले आहे, पण काळजी नको. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर भयंकर वादळ आले. १८ माणसे गेली, दीड कोटीच्या आसपास झाडे पडली. सेव्हनओक्स म्हणजे सात ओकांचे गाव. तिथल्या सातांपैकी सहा झाडे त्या रात्री उन्मळली. खूप वारे सुटेल, हेही फिश त्याच बातमीत म्हणाले होते, पण ते कोणाला आठवते? २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनातसुद्धा ती चित्रफीत दाखवली गेली.

आपल्याकडे हा घाव एका मोठ्या माणसाने सोसला. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ घटकांवर आधारलेले मान्सूनचे प्रारूप तयार केले, आणि १९८८ पासून खाते त्यावर अंदाज देऊ लागले. पुढे २००१ पर्यंत देशाचा पाऊस सरासरीच्या आसपास राहिला, प्रारूपाचे नाव झाले. २००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्के, पडला ८१ टक्के. जुलै महिना जवळजवळ निम्मा कोरडा गेला. पुढच्याच वर्षी खात्याने नवी प्रारूपे आणली. २००९ मध्येही एप्रिलचा अंदाज ९६ होता, प्रत्यक्षात ७८.

हे आकडे दिल्ली-पुण्यात टक्क्यांत मोजतात, आमच्याकडे पाकिटांत मोजतात. कपाशीच्या एका एकराला सरकीची दोन पाकिटे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. पण शेजाऱ्याची टोबणी झालेली दिसली की हात थांबत नाही, आणि टीव्हीवर 'मान्सून दाखल' अशी पट्टी फिरली की मग विचारूच नका. पंधरा दिवस उघडीप पडली म्हणजे अंकुर वाळतात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराचे दार. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी जुलै २०१७ मध्ये दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रारच दिली. बियाणे आणि औषध कंपन्यांशी संगनमत असल्याचा त्यात आरोप होता. संगनमत मला पटत नाही. पण पेरलेले वाळते तेव्हा माणसाला कोणाला तरी जाब विचारायचा असतो, आणि ढगावर गुन्हा दाखल होत नाही!

बरोबर आलेल्या अंदाजाची मात्र कोणी मिरवणूक काढत नाही. १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळात १० हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा वेळेवर इशारा मिळून सुमारे १० लाख लोक हलवले गेले, आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. त्या दिवशी पडद्यावर कोण बोलत होते, त्याचे नाव तुम्हाला सांगता येईल का?

साधनेही सुधारली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या महासंगणकांवर चालणारी ६ किलोमीटर जाळीची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीची जाळी १२ किलोमीटरची होती. तेलंगणात हजारावर स्वयंचलित केंद्रे आहेत. कर्नाटकातल्या वाचकांना 'वरुण मित्र' ही फोनसेवा ठाऊक असेल. हंगामाचा टक्का वाचून आपल्या शेताचा निर्णय करू नये. पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज पाहावा, आणि सीमेवरच्या माणसाने आपल्या जिल्ह्याबरोबर पलीकडच्या जिल्ह्याचाही पाहावा. तामसीत आदिलाबादबरोबर यवतमाळ आणि नांदेड. फवारणीचा पंप भरण्यापूर्वी पुढच्या तीन तासांचा इशारा बघून घ्या. औषधाचा डबा महाग आहे, आणि फवारल्यावर तासाभरात सर आली की सगळे ओहोळाला जाते.