आठवड्याचा एक वार

जून उजाडला की पुण्यात दोन पाहुणे हटकून येतात : पहिला पाऊस आणि परगावचा विद्यार्थी. एके काळी त्याच्या हाती पत्र्याची ट्रंक असे, आता पाठीवर पिशवी असते. परंतु ‘खोली मिळेल का?’ हा त्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला आहे. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याचे गाव ऐकून बदलते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सांगली किंवा जळगाव म्हणणाऱ्या मुलाला भाडे सांगितले जाते. श्रीनगर किंवा इंफाळ म्हणणाऱ्याला पुष्कळदा, खोली कालच गेली, असे सांगितले जाते. या ‘कालच गेलेल्या’ खोलीविषयी आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणावर २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत दोघे आपल्या पुण्याचे होते. मारेकऱ्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्या, हे या शहराने त्या घरांतील स्त्रियांच्या तोंडून ऐकले. ते दुःख विसरा, असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि आम्ही तसे सांगणारही नाही. परंतु पर्यटकांना वाचवू पाहणारा एक गरीब काश्मिरी घोडेवालाही त्या दिवशी तेथेच पडला, आणि भेदरलेल्या प्रवाशांना स्थानिकांनी हात देऊन खाली आणले, ही हकीकतही तितकीच खरी आहे. मारेकऱ्यांचा डाव केवळ मेलेल्यांपुरता नव्हता; जिवंतांनी एकमेकांवर दारे लावून घ्यावीत, हा त्याचा उत्तरार्ध होता. २०१९ मध्ये पुलवामानंतर जसे घडले तसेच याही वेळी देशातील अनेक शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, कित्येकांनी भीतीने घरची वाट धरली. तेवढ्यापुरता तो डाव साधला, असे खेदाने म्हणावे लागते.

माणसामाणसांतील भिंती अन्नपाण्याच्या नियमांनी किती पक्क्या होतात, हे पुण्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. १८९० साली येथल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पुढे आलेल्या एका पेला चहाने हे शहर ढवळून निघाले. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषासही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. सनातन्यांना चहाचे भय नव्हते. एकत्र बसून तो पिणाऱ्यांत उद्या जे नाते जडेल, त्याचे भय होते. त्यांची भूमिका चुकीची असली तरी त्यांचे निदान अचूक होते, असेच म्हटले पाहिजे.

त्याआधी बावीस वर्षे, १८६८ साली, याच शहरात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यासाठी त्यांनी कोणत्या ठरावाची वाट पाहिली नाही. उलट महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, तरी त्या ठरावाने कोणाची ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले; आणि तो हक्क न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. यातून दोन्ही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. कायद्यावाचून आतिथ्य म्हणजे केवळ मेहेरबानी. आणि शेजाऱ्याचे मन वळल्यावाचून कायदा म्हणजे कागद.

आतिथ्याची एक परंपरा पुण्यात पूर्वापार आहे. गरीब विद्यार्थी येथे सात घरी सात वार लावून जेवत आणि शिकत. पुढे नावारूपास आलेल्या कितीएकांचे शिक्षण या वारांवर झाले. त्या पंगतीला जातीचे कुंपण होते, आणि काही घरांत तो मुलगा ओशाळून खाली मान घालून जेवत असे, हे खरे. तथापि त्या प्रथेत मोठे शहाणपण होते. कोणा एका घरावर भार पडत नसे आणि एका मुलाची सात घरांशी ओळख होई. आम्ही सुचवितो ते इतकेच की, कुंपण काढून टाकावे आणि वार मात्र ठेवावा.

ही कल्पना हवेतली नव्हे. साने गुरुजींनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात आंतरभारतीचा विचार मांडला, तेव्हा प्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांची माणसे जाणावीत, हाच त्यांचा ध्यास होता. गेली वीसहून अधिक वर्षे संजय नहार यांच्या ‘सरहद’ संस्थेने काश्मिरी मुलांना पुण्यात आणून शिकविले आहे. पुण्यात शिकलेल्या अधिक कदम या तरुणाने उलट दिशेने जाऊन कुपवाडा जिल्ह्यात २००२ साली पोरक्या मुलींसाठी घर उघडले. बाहेरचे उदाहरण हवे असेल तर १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत तीनदा लढलेल्या फ्रान्स व जर्मनीचे घ्यावे. १९६३ साली मैत्रीचा करार करताना त्यांनी केवळ सह्या केल्या नाहीत. दोन्हींकडच्या तरुणांनी परस्परांकडे जावे, राहावे, यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र संस्था काढली. आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी तिचा लाभ घेतला आहे.

यावर आक्षेप येतील, हे आम्ही जाणून आहोत. वरणभाताने काश्मीरचा प्रश्न सुटतो काय? मे २०२३ पासून दुभंगलेले मणिपूर एका जेवणाने सांधले जाईल काय? मुळीच नाही. सीमेचे रक्षण सैन्यानेच करावयाचे, अपराध्यास शासन न्यायालयानेच करावयाचे आणि राजकीय तोडगा राजकारण्यांनीच काढावयाचा. परंतु तोडगा निघाल्यावर तो टिकविणारी माणसे कोठून यावयाची? ज्याने पुण्यातल्या एका घरी चार वर्षे रविवारचे जेवण घेतले, त्याच्यापुढे पुढेमागे कोणी पुणेकरांविषयी विष ओकू लागला, तर त्याला निदान एक घर आठवेल. आणि त्या घरातल्या माणसांनाही ‘काश्मिरी’ म्हणताच बातमीतला बंदूकधारी न आठवता, आमटीचा दुसरा वाढा लाजत मागणारा एक मुलगा आठवेल. लाभ एवढाच, पण तो सैन्याला किंवा न्यायालयाला मिळवून देता येत नाही.

मात्र यजमानाने काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. पाहुण्याला देशभक्तीची परीक्षा द्यायला लावू नये. त्याच्या गावच्या प्रत्येक गुन्ह्याचा जाब त्याला विचारू नये. त्याच्यासोबत छायाचित्र काढून आपल्या औदार्याची जाहिरात करू नये. त्याला काय चालते, काय चालत नाही, हे आधी विचारावे. आणि सर्वांत अवघड पथ्य म्हणजे त्याच्याकडून घेण्याची तयारी ठेवावी. त्याच्या आईने अक्रोड पाठविले तर ते संकोच न करता घ्यावेत. त्याने घरी बोलावले तर जावे. नुसता देणारा हा आश्रयदाता होतो, मित्र होत नाही. आणि मिंध्या झालेल्या माणसाशी सख्य जडत नसते.

पेठांत आणि उपनगरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांकडे आम्ही वर्गणी मागत नाही, सभेचे निमंत्रणही देत नाही. आपल्या गल्लीतल्या वसतिगृहात किंवा शेजारच्या इमारतीत दूरच्या प्रांतातून आलेला एखादा मुलगा वा मुलगी असेल, त्यांचे नाव विचारून घ्यावे. रिकामी खोली असेल तर गाव ऐकल्यावरही तिचे भाडे सांगावे. आणि येत्या रविवारी घरात एक पान अधिक वाढावे.