पेनड्राइव्हमधला पायथन

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसलेला विद्यार्थी बहुधा पहिल्याच दिवशी अडतो. सॉफ्टवेअर टाकले, काळी खिडकी उघडली, ‘पायथन’ टाइप केले. उत्तर आले, अशी कमांडच नाही. इन्स्टॉलरच्या पहिल्या पानावर तळाशी पायथन ‘पाथ’मध्ये घालण्याची चौकट असते, तिच्यावर टिक करायची राहून गेलेली असते. पुण्यात शेजारच्या बाकावरचा मित्र हे चटकन सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात सांगणारा भेटला नाही, तर मुलगी स्वतःलाच ढ समजून वही मिटते.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी निघाले. गडचिरोलीतल्या मुख्यालयापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून लांब. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पायथन आणि त्याची पॅकेजे एकत्र देणाऱ्या ॲनाकोंडाचा इन्स्टॉलर मात्र जवळपास एक जीबीचा! अखंड इंटरनेट गृहीत धरून बनवलेली ही साधने आहेत.

त्यात संगणक जुने असले, तर अडचण आणखी वाढते. विंडोज ७ वर पायथन ३.९ आणि पुढच्या आवृत्त्या चालत नाहीत, ३.८ वरच थांबावे लागते. संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेने २०२२ मध्ये ४.२ आवृत्तीपासून ३२-बिट विंडोजची साथ सोडली. त्याच आवृत्तीने विंडोज १० वर युनिकोड नीट आणले, हे बरे झाले. त्याआधी विंडोजच्या खात्याला हौसेने देवनागरीत नाव दिले की त्या नावाच्या फोल्डरात पॅकेजे टाकताना कटकटी होत. मातृभाषेत नाव लिहिल्याची ही शिक्षाच!

या भागाला ही सॉफ्टवेअरे हौस म्हणून नकोत. कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघांची संख्या काढण्याची गणिते ‘आर’मध्ये होतात, आणि ताडोबा इथलेच. मेंढा-लेखासारख्या गावांनी मिळवलेल्या सामूहिक वनहक्काचे नकाशे मोफत क्यूजीआयएसवर काढता येतात.

तोडगा महागडा नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत आणि ते इंटरनेटशिवाय पाहता येतात. पायथनची पॅकेजे ‘पिप डाउनलोड’ने एका संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने दुसऱ्यावर टाकता येतात, अट एवढीच, की दोन्हीकडे विंडोजचा प्रकार आणि पायथनची आवृत्ती जुळली पाहिजे. म्हणून विद्यापीठाने दर जूनमध्ये आवृत्त्या ठरवून, लॅबमधल्या सर्वांत जुन्या संगणकावर तपासून, सॉफ्टवेअर, पॅकेजे आणि धडे यांचा संच प्रत्येक महाविद्यालयाला द्यावा. पहिली दोन प्रात्यक्षिके इन्स्टॉलेशनचीच ठेवावीत, आणि त्यांना गुणही द्यावेत.

संचासोबत एक मराठी कागदही हवा. पायथनची लांबलचक एरर दिसली की आधी शेवटची ओळ वाचायची, कारण बहुधा तिथेच असते. आणि मोबाइलवर अर्धाच फोटो न काढता सगळा मजकूर कॉपी करून सरांना पाठवायचा, हे त्यावर ठळक छापावे.