वाकलेला कणा ताठ कसा होतो?

बालमित्रांनो, आधी एक गंमत करा. धाकट्या भावंडाला पुढे वाकायला सांगा आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठीच्या मधोमध बोट फिरवा. लागले ना लहान लहान उंचवटे? ते मणके! लहानपणी ते ३३ असतात. मोठेपणी खालचे काही एकमेकांना जुळतात आणि २६ हाडं उरतात.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलीत का? डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तिथवर आणायला जुन्या कारागिरांनी मातीच्या नळाला नळ जोडत नेला. आपला कणाही तसाच. मणक्यावर मणका, आणि प्रत्येकाला मागच्या बाजूला एक पोकळी. या पोकळ्या एकाखाली एक आल्या, की नळ तयार. त्यातून जातो मज्जारज्जू. 'पाय उचल' हा मेंदूचा निरोप याच वाटेनं पायाकडे जातो.

आता समजा, संक्रांतीला पतंगाच्या नादात कुणी गच्चीवरून पडलं. बऱ्याचदा छाती आणि कंबर जिथं मिळते, तिथला मणका पुढून चेपतो. मागची उंची मात्र तेवढीच राहते. म्हणजे विटेची झाली पाचर! मग वरचा सगळा डोलारा पुढे झुकतो आणि पाठीला कुबड येतं. बाक थोडा असेल तर पट्टा आणि व्यायामानं भागतं. पण दुर्लक्ष झालं, तर तो वाढत जातो. पाठ दुखते, मज्जारज्जूवर दाब आला तर पायही बधिर होतात.

फार पूर्वी ग्रीसमध्ये अशा माणसाला शिडीला बांधत आणि शिडी उंचावरून खाली आदळत! हिप्पोक्रेटिस या थोर वैद्यानं लिहून ठेवलंय, की यानं कुणी सरळ झाल्याचं आपल्याला माहीत नाही. हे गर्दीला थक्क करायचे खेळ.

आज डॉक्टर काय करतात? एक्स-रे, एमआरआय पाहून बाक मोजतात. भूल देऊन रुग्णाला पालथं निजवतात. चेपलेल्या मणक्याच्या वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू बसवतात. मग त्या मणक्याच्या मागच्या बाजूनं हाडाची पाचर कापून काढतात. पुढून उंची गेली होती ना? तेवढी मागूनही कमी केली, की कणा सरळ! स्क्रू धातूच्या दांड्यांना जोडतात आणि हाडाचे तुकडे पेरतात. काही महिन्यांत सगळं सांधून एक होतं.

पण नळ सरळ करताना आतला मज्जारज्जू दुखावला तर? १९७३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. ऑपरेशन चालू असतानाच रुग्णाला थोडं जागं करायचं आणि म्हणायचं, "पायाची बोटं हलव बरं!" हलली की पुढचं काम. आता बहुतेक वेळा विजेचे बारीक संकेत पाठवून हीच परीक्षा घेतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हाड सरळ करता येतं, पण तुटलेला मज्जारज्जू जोडता येत नाही. सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तरी १९७२ साली त्यांनी हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं! केवढी ही जिद्द!

म्हणून कुणी उंचावरून पडलं, तर घाईघाईनं "चला, घाटीत न्या!" म्हणत त्याला रिक्षात कोंबू नका. (घाटी म्हणजे संभाजीनगरचं मोठं सरकारी रुग्णालय.) उठवू नका, बसवू नका. १०८ ला फोन करा. तोवर त्याला आहे तसंच पडू द्या, डोकं-मान हलू देऊ नका. हलवावंच लागलं तर चौघांनी मिळून, पाठ न वाकवता, फळीवर घ्या.

हा शेवटचा भाग आज जेवताना आई-बाबांनाही वाचून दाखवा हं!