पदक घासू नका, पाकीट फेकू नका

ज्यांच्या घरातलं कुणी वायुसेनेत होतं आणि युद्धावरून परत आलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मग ते १९४४ साली बर्माच्या आघाडीवर गेलेले चुलत आजोबा असोत, नाहीतर १९६५ किंवा १९७१ मध्ये गेलेला काका. त्यांच्या वस्तू बहुतेक घरांत एकाच जागी असतात. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पदकं, पत्रं, ती तार, बंद पडलेलं घड्याळ, गणवेशावरचे पंख. वाड्याचा पुनर्विकास ठरला, घर विकायला निघालं की हा डबा हलतो आणि जे काही हरवायचं ते त्या धांदलीत हरवतं. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात सुटी पदकं विकायला असतात, ती सगळी चोरीचीच असतात असं नाही. घरच्यांनी भंगारात घातलेलीही असतात.

माझं मागणं एवढंच की या वस्तू एकत्र ठेवा, आणि पदकांपेक्षा कागदांना जास्त जपा.

आधी पदकांचं बघू, कारण माया जास्त असते ती त्यांच्यावर, आणि नासधूसही मायेपोटीच होते. दसऱ्याला पाटावर पदकं मांडायची, आदल्या दिवशी चिंच नाहीतर पितळी भांड्यांची पावडर लावून ती लख्ख करायची, मग हळदकुंकू वाहायचं. एखादं जुनं पदक हातात घेऊन त्याची कड खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. अनेक पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. वर्षानुवर्षं घासलेल्या पदकावर आधी आडनावाची टोकं बोथट होतात, मग क्रमांकातला आकडा तीन की आठ ते कळेनासं होतं. नाव गेलं की ते पदक तुमच्या आजोबांचं आहे हे सिद्ध करायला दुसरं काही उरत नाही. वीरचक्र चांदीचं असतं, ते काळं पडणारच, पडू द्या. परमवीरचक्र तर कांस्याचं. त्याचं रूप ठरवलं एका मराठी घराच्या सुनेने, सावित्रीबाई खानोलकरांनी, आणि वायुसेनेत ते आजवर मिळालं आहे एकट्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांना, मरणोत्तर. कांस्यावर चढलेला तो गडद रंग म्हणजे मळ नव्हे.

रिबनवर पडलेली हळद निघत नाही, धुवायला गेलात तर रिबनचे रंग एकमेकांत उतरतात. पूजा बंद करा असं मी म्हणणार नाही. फुलं वाहा, ओलं गंध आणि हळदकुंकू फोटोच्या चौकटीला लावा. एरवी पदक धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांनी चांदी लवकर काळी पडते, म्हणून ते डब्यातून काढा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यानंतर बदला.

आता कागद. लॅमिनेशन करू नका. झेरॉक्सवाला दहा मिनिटांत करून देतो, पण उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक पुढे पिवळं पडतं आणि पत्राला इजा न होता ते सोडवणं जवळजवळ अशक्य असतं. सेलोटेपचंही तेच, टेप वाळून गळून पडते, चिकट तपकिरी डाग मात्र कायमचा राहतो. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढा. पत्रं घडी उलगडून, सपाट, चिंध्यांपासून केलेल्या पांढऱ्या हातकागदाच्या पाकिटात ठेवा. डांबरगोळ्या डब्यात नकोत आणि कडुलिंबाचा पाला थेट कागदावर नको, डाग पडतात. कसर आणि वाळवी यांवर खरा उपाय म्हणजे वर्षातून दोनदा डबा उघडून बघणं. भिंतीला टेकलेल्या कपाटात तर बघाच.

पाकिटाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पत्र ठेवून पाकीट फेकण्याची सवय फार घरांत आहे. कुणा भाच्याने तिकिटं जमवायला कोपरा कापून नेलेला असतो, ते वेगळंच. पत्रात जवान कुठे आहे ते लिहीत नाही, त्याला परवानगीच नसते. ‘५६ एपीओ’ एवढाच पत्ता. पण पाकिटावर लष्करी टपालाचा शिक्का असतो, त्यात टपाल कार्यालयाचा क्रमांक आणि तारीख असते, आणि जाणकार माणूस त्यावरून तो त्या आठवड्यात कुठे होता याचा माग काढू शकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पाकिटावर सेन्सॉरचा शिक्काही सापडेल. पत्रशीर्षावर वायुसेनेच्या नावामागे ‘रॉयल’ असेल तर कागद १९४५ ते १९५० या काळातला धरा, कारण हा शब्द १९४५ च्या मार्चमध्ये जोडला गेला आणि प्रजासत्ताक झाल्यावर गळला. तारीख फाटलेल्या पत्राचा काळ असाही लागतो.

कागदाचा तुकडा किती दूरवर कामाला येतो याची उदाहरणं आपल्यासमोर आहेत. मेजर अशोक सुरी भूदलातले, वैमानिक नव्हेत, पण त्यांची हकीकत इथे लागू पडते. १९७१ च्या युद्धात ते मारले गेले असं घरी कळवलं गेलं. १९७४ च्या डिसेंबरात वडिलांच्या हाती त्यांची म्हणून एक चिठ्ठी आली आणि पुढच्या वर्षी कराचीहून आणखी पत्र. संरक्षण खात्याने हस्ताक्षर तपासून घेतलं आणि नोंद बदलून ‘बेपत्ता’ अशी केली. हस्ताक्षर तपासायचं तर ताडून पाहायला त्याच माणसाचं जुनं अक्षर लागतं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे त्याच युद्धात मोहिमेवरून परतले नाहीत. पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या यादीत त्यांच्याशी जुळणारं आडनाव छापून आलं, स्पेलिंग जरासं वेगळं. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे, अशा पुराव्यांच्या आधारावर कित्येक दशकं सरकारदरबारी दाद मागत राहिल्या. तुमच्या डब्यातलं पिवळं कात्रण टाकण्याआधी हे आठवा.

लॉगबुक मिळालं तर ते सगळ्यांत मोलाचं समजा. वैमानिकाने प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कामगिरी आणि वेळ त्यात स्वतः लिहिलेली असते, ठरावीक काळाने वरिष्ठांची सही असते. शेवटच्या नोंदीनंतरची कोरी पानं कुणीतरी दुधाच्या हिशेबाला वापरलेली असण्याची शक्यता आपल्याकडे नाकारता येत नाही! ती पानंही फाडू नका.

जुन्या घरांत वडीलधाऱ्यांची पत्रं मोडीत असतात. वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत जातात. मोडी वाचणारे आजही आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.

आता वाटणी. तीन भाऊ आणि चार पदकं असली की प्रत्येकाला एकेक देऊन उरलेलं आत्याकडे जातं. न्याय होतो, संच मोडतो. त्यापेक्षा मूळ वस्तू एकाच घरी ठेवा आणि सगळ्यांना उत्तम फोटो द्या. फोटो काढायला स्टुडिओ लागत नाही. व्हरांड्यातल्या सावलीत, फ्लॅश न लावता, पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवून पुढून, मागून आणि कडेवरून काढा. पत्रं स्कॅन करायची तर ६०० डीपीआयवर करा.

फोटोतली माणसं कोण, हे सांगणारी आजी अजून असेल तर हे काम आधी. फोन रेकॉर्डिंगला लावून तिच्यासमोर अल्बम उघडा. नावं फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, अलगद लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. पदकं आणि पत्रं कुणाची, कुठल्या गावची, घरातल्या कुणाशी काय नातं, हे एका कागदावर लिहून डब्यातच ठेवा.

दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर गेलेल्या आणि ज्यांचा देह सापडलाच नाही अशा वैमानिकांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर आहेत. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं, आडनावाची चार प्रकारची स्पेलिंगं करून बघा. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात कोरलेली आहेत.

घरात सांभाळणारं कुणी उरलं नसेल तर पालमचं वायुसेना संग्रहालय किंवा चंदीगडचं वायुसेना वारसा केंद्र यांना आधी पत्र लिहून विचारा. वस्तू घेऊन थेट दारात जाऊ नका. देणगी देताय की काही वर्षांसाठी उसनं देताय, हे लेखी ठरवा. प्रत्येक वस्तूची यादी करून तिच्यावर सही-शिक्का घ्या. त्या वस्तू मांडल्या जातील की गोदामात राहतील हेही विचारा, आणि गोदामात म्हणाले तर लगेच नाराज होऊ नका. अंधारी, कोरडी, कुलपातली जागा रिबनला आणि शाईला काचेच्या पेटीतल्या दिव्यांपेक्षा जास्त मानवते.